सामाईक रस्त्याच्या देखभालीतला आपला वाटा कसा तपासावा आणि चुकीचा असेल तर कसा बदलून घ्यावा

घरापर्यंत जाणारा रस्ता सार्वजनिक यंत्रणेच्या ताब्यात नसेल, तर त्याची खडी, त्याचे गटार आणि त्याचे खड्डे त्या रस्त्यावर राहणाऱ्यांच्याच खिशातून सांभाळावे लागतात. अशा रस्त्यावरची खर्चाची वाटणी बहुतेक वेळा कोणी विचार करून ठरवलेली नसते. पहिल्यांदा खड्डे बुजवले तेव्हा जितकी घरे होती तितक्यांनी रक्कम वाटून घेतली आणि पुढे तोच पायंडा पडला. मग घरे वाढतात, एखादे घर भाड्याने जाते, एखाद्या आवारात ट्रक येऊ लागतात, पण वर्गणीची रीत मात्र बदलत नाही. ही वाटणी आपल्यावर अन्याय करते असे वाटणाऱ्याने काय करावे, ते येथे सांगतो. माझा अनुभव पाच घरांच्या एका रस्त्याचा आहे आणि त्यात माझे घर चौथे. तक्रार मीच सुरू केली होती आणि हिशेब पुरा झाला तेव्हा माझाच वाटा वाढलेला निघाला, त्यामुळे पुढचे सारे त्या अनुभवाने जरा सावध झालेल्या माणसाने लिहिले आहे असे समजावे.

तक्रार नेमकी कशाची आहे

"वर्गणी अन्यायाची आहे" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणाशीही बोलायला जाऊ नये. पहिली तक्रार मापाची असते, म्हणजे खर्च ज्या प्रमाणात वाटला जातो ते प्रमाणच चूक आहे. दुसरी खर्चाची असते: प्रमाण ठीक आहे, पण काम अनावश्यक होते, महाग पडले किंवा कोणालाही न विचारता केले गेले. तिसरी वसुलीची असते: प्रमाणही ठीक, कामही ठीक, पण दोन घरे पैसेच देत नाहीत आणि त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. थकबाकीदारामुळे चिडलेला माणूस वाटणीचे प्रमाण बदलायला निघाला, तर जे नियमाने पैसे देत होते तेही त्याच्या विरोधात जातात आणि थकबाकीदार मात्र बाजूला राहून गंमत पाहतो.

दुसऱ्या तक्रारीसाठी मागच्या काही वर्षांची बिले आणि वर्गणीच्या पावत्या मागाव्यात; हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे, हे समोरच्याला सौम्य शब्दांत आधीच सांगून टाकावे. तिसरीकडे शेवटी येऊ. या लेखाचा मोठा भाग पहिल्या तक्रारीचा आहे, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

आधी कागद पाहावेत

रस्त्याची जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि त्यावरून जाण्याचा हक्क कोणाला आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. काही ठिकाणी रस्ता सर्वांच्या सामाईक मालकीचा असतो, काही ठिकाणी प्रत्येकाच्या जमिनीतून त्याचा एकेक तुकडा जातो, तर काही ठिकाणी तो एकाच्याच जमिनीत असून इतरांना फक्त वहिवाटीचा हक्क असतो. आपले खरेदीखत, त्यासोबतचा नकाशा, जमिनीचे मूळ तुकडे पाडले गेले तेव्हाचा करार आणि जुन्या बैठकांची इतिवृत्ते एकत्र करून त्यांत "देखभाल", "दुरुस्ती", "खर्च", "प्रमाण" हे शब्द कुठे येतात ते शोधावे. तिथे वाटणीचे प्रमाण लिहिलेले असेल, तर ते कितीही विचित्र वाटले तरी तेच सध्या लागू आहे असे धरून चालावे आणि ते बदलायचे तर करारच बदलावा लागेल हे समजून घ्यावे.

कागद गप्प असतील तर काय होते, हे देशोदेशी वेगळे आहे, पण त्यातून एक सूत्र दिसते. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ याच्या कलम २५ नुसार, वहिवाटीच्या हक्काच्या उपभोगासाठी किंवा तो हक्क टिकवण्यासाठी लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च ज्याला तो हक्क आहे त्याने करायचा असतो. ज्याच्या जमिनीतून रस्ता जातो त्याच्यावर तो बोजा नसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दिवाणी संहितेचे कलम ८४५ असे सांगते की, करार असेल तर त्याप्रमाणे आणि नसेल तर ज्याच्या त्याच्या वापराच्या प्रमाणात खर्च वाटावा. स्वीडनमध्ये १९७३ च्या कायद्याने सामाईक सुविधांसाठी दोन वेगळे वाटे ठरवता येतात: बांधणीचा वाटा मुख्यतः त्या मालमत्तेला होणाऱ्या लाभावर आणि चालू देखभालीचा वाटा मुख्यतः अपेक्षित वापरावर. फिनलंडचा खासगी रस्त्यांचा नवा कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला आणि तिथेही प्रत्येक मालमत्तेला वाहतुकीच्या प्रमाणावर आधारलेली एकके देऊन वर्गणी काढतात. म्हणजे जिथे जिथे कायद्याने या प्रश्नात हात घातला आहे, तिथे "घरटी सारखी रक्कम" ही रीत आपोआप योग्य मानलेली नाही. स्वतःच्या ठिकाणचा नियम मात्र जाणकार वकिलाकडून एकदा तपासून घ्यावाच, कारण परक्या कलमाचा आकडा बैठकीत फेकल्याने कोणाचे मन वळत नाही.

इंग्लंडमधला १९५७ सालचा हॅल्सल विरुद्ध ब्रिझेल हा निकाल येथे सांगण्यासारखा आहे. लिव्हरपूलमधील एका वसाहतीच्या सामाईक रस्त्यांचा तो वाद होता. रस्ता वापरायचा असेल तर त्याच्या खर्चातला आपला वाटा द्यावा लागेल, लाभ घेऊन भार टाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण अनेक सदनिकांत विभागलेल्या घराकडून जास्त रक्कम घेण्याचा बैठकीचा ठराव मात्र मूळ कराराच्या चौकटीबाहेरचा म्हणून टिकला नाही. तक्रारदार आणि समिती या दोघांनीही या निकालाची दोन्ही टोके ध्यानात ठेवावीत.

रस्ता पायी चालून पाहावा

कागदानंतरचे काम पायांचे आहे. मोजपट्टी, वही आणि शक्य असल्यास एक तटस्थ शेजारी घेऊन रस्त्याच्या तोंडापासून शेवटच्या फाटकापर्यंत चालावे, प्रत्येक फाटक तोंडापासून किती मीटरवर आहे ते लिहावे आणि दोन फाटकांमधला प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र भाग समजून त्याची अवस्था नोंदवावी. हे काम एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा चांगला पाऊस पडून गेल्यावर करावे, कारण रस्ता बिघडण्याचे कारण बहुधा चाकांपेक्षा पाण्यात असते. रस्त्याचा मध्य थोडा उंच ठेवून पाणी दोन्ही बाजूंना उतरवायचे असते. खडीच्या रस्त्याला हा उतार सुमारे ४ टक्के आणि डांबरी रस्त्याला सुमारे २ टक्के ठेवतात. मध्य बसून चाकोऱ्या पडल्या की पाणी त्या चाकोऱ्यांतूनच वाहू लागते, खडीतली माती धुऊन जाते आणि मग दर वर्षी टाकलेली नवी खडी दर वर्षीच गटारात जाऊन बसते.

आमच्या रस्त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या घरांच्या मध्ये एक खड्डा होता, जो बुजवला की पुढच्या पावसात पुन्हा उघडायचा आणि ज्याचे खापर सर्वजण पाचव्या घराच्या टेम्पोवर फोडत असत. पावसात छत्री घेऊन उभे राहिल्यावर दिसले ते निराळेच. एका घराने आपल्या फाटकासमोरचे गटार दगडमातीने बुजवून वर सिमेंटचा रॅम्प केला होता आणि खाली नळी टाकलेलीच नव्हती. वरून आलेले पाणी त्या रॅम्पला अडून आडवे रस्त्यावर यायचे आणि नेमके त्या खड्ड्यात उतरायचे. एक नळी बसवल्यावर तो खड्डा थांबला. ज्या बिलावरून चार वर्षे भांडण चालू होते, ते बिल सामाईक नव्हतेच. असे खर्च वाटणीला घेण्यापूर्वीच बाजूला काढावेत: ज्याच्या आवारातले पाणी रस्त्यावर येते, ज्याच्या झाडाची मुळे रस्ता उचलतात, ज्याने पाइप टाकण्यासाठी चर खणून नीट बुजवला नाही, त्याने ती दुरुस्ती स्वतंत्रपणे करून द्यावी.

खर्चाचे ढीग वेगळे करावेत

उरलेल्या सामाईक खर्चाला एकच माप लावण्याचा हट्ट धरला जातो, तिथेच अन्यायाची सुरुवात होते. माझ्या मते खर्चाचे निदान तीन ढीग करावेत. पहिला ढीग घरटी खर्चाचा: बँकेचे खाते, विमा, रस्त्याच्या तोंडाशी असलेला फलक, पत्रव्यवहार. हा रस्त्याच्या लांबीशी किंवा वाहनांशी संबंधित नाही, तो सर्वांत सारखा वाटावा. दुसरा ढीग काळाचा आणि हवामानाचा: गटार उपसणे, गवत काढणे, मोरी साफ करणे, कडेच्या फांद्या तोडणे, साइडपट्टी नीट करणे. कोणीही गाडी चालवली नाही तरी हा खर्च येणारच. पण तो रस्त्याच्या ज्या तुकड्यावर होतो, तो तुकडा ज्यांना लागतो त्यांनीच द्यावा. तिसरा ढीग झिजेचा: खड्डे, चाकोऱ्या, उडालेली खडी, रोलर फिरवणे. हा वाहतुकीमुळे येतो, म्हणून तो वापराच्या प्रमाणात वाटावा.

आता आकडे मांडू. समजा रस्ता ५०० मीटर लांब आहे, पाच घरे दर १०० मीटरवर एक याप्रमाणे आहेत आणि वर्षाच्या खर्चाचे १०० भाग मानले आहेत. घरटी सारखी वाटणी केली तर प्रत्येकाला २० भाग येतात. त्यात पहिल्या घराची तक्रार रास्त आहे, कारण त्याला पहिले १०० मीटरच लागतात आणि पैसे मात्र तो ५०० मीटरचे देतो.

तुकड्यांनी वाटणी करायची तर प्रत्येक तुकड्याचे २० भाग घेऊन ते तो तुकडा वापरणाऱ्यांत विभागावे. पहिला तुकडा पाचही घरे वापरतात, म्हणून प्रत्येकी ४. दुसरा चार घरे, प्रत्येकी ५. तिसरा तीन घरे, प्रत्येकी ६.७, चौथा दोन घरे, प्रत्येकी १०, आणि शेवटचा तुकडा एकट्या पाचव्या घराचा, म्हणून पूर्ण २०. बेरीज केली की पहिल्या घरापासून पाचव्यापर्यंत वाटे सुमारे ४, ९, १५.७, २५.७ आणि ४५.७ असे येतात. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहान आणि मोठ्या विमानांत कसा वाटावा, या अर्थशास्त्रातल्या प्रसिद्ध प्रश्नाचे उत्तरही याच रीतीने काढतात: लहान विमानाला पुरेल तेवढ्या पट्टीचा खर्च सर्वांत, त्यापुढच्या लांबीचा खर्च फक्त ज्यांना ती लांबी लागते त्यांच्यात.

हा आकडा ऐकला की पाचवे घर उसळते, आणि त्याचेही म्हणणे अर्धे बरोबर असते. ही वाटणी प्रत्येक तुकडा सारखाच खर्चिक आहे असे गृहीत धरते, परंतु झिजेच्या बाबतीत तसे नसते: पहिल्या तुकड्यावरून पाच घरांची वाहने जातात, शेवटच्यावरून एकाच घराची. प्रत्येक घराची ये-जा सारखी मानली आणि झीज वाहतुकीच्या प्रमाणात होते असे धरले, तर तुकड्यांचा खर्च ५, ४, ३, २, १ या प्रमाणात येतो आणि प्रत्येक घर आपण ओलांडलेल्या प्रत्येक तुकड्यामागे एकेक भाग देते. त्यातून १५ पैकी १, २, ३, ४ आणि ५ असे वाटे निघतात, म्हणजे शेकडा ६.७, १३.३, २०, २६.७ आणि ३३.३. हेच आकडे नुसत्या अंतराच्या प्रमाणातही येतात. म्हणून "जितके मीटर तितका वाटा" हा साधा नियम झिजेच्या खर्चाला चपखल बसतो, आणि तुकड्यांची वाटणी हवामानाच्या खर्चाला. दोन्ही पक्ष आपापल्या आकड्यासाठी भांडत होते तेव्हा खरे म्हणजे ते दोन वेगळ्या खर्चांबद्दल बोलत होते.

समजा घरटी खर्च १० भाग, हवामानाचा ४० आणि झिजेचा ५० आहे. मग तिन्ही ढीग आपापल्या मापाने वाटून बेरीज केल्यावर पाच घरांचे वाटे पूर्णांकांत ७, १२, १८, २६ आणि ३७ येतात. माझे २० चे २६ झाले ते असे. मी तक्रार केली होती ती पाचव्या घराच्या टेम्पोची. पहिल्या तीन घरांकडून आम्ही मागच्या दोघांनी इतकी वर्षे रस्त्याची लांबी फुकट वापरून घेतली, हे कागदावर आकडे मांडेपर्यंत मला सुचलेही नव्हते.

पाचव्या घराला यावर एक पर्याय देता येतो आणि तो बहुधा त्यालाही आवडतो: शेवटचा तुकडा सामाईक खर्चातून पूर्णपणे वगळावा आणि तो त्याने स्वतःच्या मर्जीने, स्वतःला हवा तितका चांगला ठेवावा. ज्या तुकड्यावर दुसऱ्या कोणाचे चाकही जात नाही, त्याच्या खडीची जाडी इतरांनी बैठकीत ठरवण्यात अर्थ नाही.

जमिनीचे क्षेत्रफळ किंवा रस्त्याला लागून असलेल्या बाजूची लांबी ही मापेही काही ठिकाणी वापरतात. मोजायला ती सोपी असतात, पण मोठ्या आवारात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती आणि लहान तुकड्यावर चार वाहने ठेवणारे कुटुंब यांना ती उलटा न्याय देतात. नवीन रस्ता बांधताना, जिथे लाभ जमिनीच्या किमतीत दिसतो, तिथे फार तर त्यांचा विचार करावा.

वापर कसा मोजावा

वापर हा शब्द काढला की लोकांना कोणीतरी फाटकाशी बसून आपल्यावर पाळत ठेवणार असे वाटते. तसे करू नये. सर्वांच्या संमतीने एक साधा आठवडा निवडावा, प्रत्येक घराने आपापल्या फेऱ्या, पाहुणे आणि सामान पोचवणारी वाहने धरून, वहीत पाच-पाच रेघांच्या जुड्यांनी मांडाव्यात आणि शेवटी सर्वांच्या वह्या एकमेकांना दाखवाव्यात. त्यातून तंतोतंत आकडा मिळणार नाही. वर्ग पाडण्यापुरते ज्ञान मिळेल आणि तेवढेच हवे असते. उदाहरणार्थ, कायम राहते घर म्हणजे १ एकक, सुट्टीपुरते उघडणारे घर म्हणजे अर्धे, घरातच व्यवसाय असून ग्राहक येत असतील तर २. हे गुणांक निसर्गाने दिलेले नाहीत, ते बोलून ठरवायचे आहेत, असे स्पष्ट लिहून ठेवावे. त्या एककाला तोंडापासूनच्या मीटरांनी गुणले की झिजेचा वाटा निघतो. स्वीडनमध्ये याच विचाराची जरा काटेकोर रीत रूढ आहे: वाहनाचे वजन, फेऱ्या आणि अंतर यांचा गुणाकार करून टन-किलोमीटर काढतात.

वजन का धरावे, याचे उत्तर अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या एका मोठ्या रस्ते-चाचणीत आहे. रस्त्याचे नुकसान साधारणपणे आसावरच्या, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्यावरच्या, भाराच्या चौथ्या घातात वाढते, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला; म्हणजे भार दुप्पट झाला तर नुकसान सुमारे सोळापट. आसावर पाऊण टन असलेली मोटार आणि साडेसात टन असलेला ट्रक यांची तुलना केली तर भार दहापट आणि नुकसान दहा हजारपट निघते. तो नियम पक्क्या रस्त्यांच्या चाचणीतून आलेला आहे, मातीच्या किंवा खडीच्या रस्त्याला तो जसाच्या तसा लावून कोणाला दहा हजारपट वर्गणी मागू नये. पण एखादे घर बांधताना विटा, वाळू आणि काँक्रीट घेऊन येणारी अवजड वाहने थोड्या महिन्यांत रस्ता उखडून टाकतात आणि मोटारी त्याला कारण नसतात, हे समजायला तो पुरेसा आहे. म्हणून बांधकामाची वाहतूक वार्षिक वाटणीत मिसळूच नये. बांधकाम सुरू होण्यापूर्वी रस्त्याची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, अनामत रक्कम सामाईक खात्यात ठेवून घ्यावी, काम संपल्यावर पुन्हा छायाचित्रे घ्यावीत आणि रस्ता पूर्ववत करून दिल्यावर अनामत परत करावी. पावसाळ्यात, रस्ता ओला असताना, अवजड वाहने न आणण्याची अटही त्यातच घालावी.

रिकाम्या भूखंडाचा प्रश्न नेहमी येतो. मालक म्हणतो, मी वापरत नाही, मग देऊ कशाला? झिजेचा वाटा त्याने देऊ नये, हे मान्य करावे. मात्र रस्ता टिकला म्हणून त्याच्या भूखंडाला पोच टिकते, त्यामुळे घरटी आणि हवामानाचा वाटा त्याच्याकडे राहावा.

देखभाल आणि सुधारणा

खड्डे बुजवणे ही देखभाल आहे, पण खडीच्या रस्त्यावर डांबर टाकणे ही सुधारणा आहे, आणि देखभालीच्या वर्गणीच्या जोरावर सुधारणा लादता येत नाही. रस्ता पूर्वीच्या अवस्थेत आणण्यासाठी जितका खर्च लागला असता तितका सर्वांनी ठरलेल्या प्रमाणात द्यावा आणि त्यावरची रक्कम ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी आपसांत ठरवून घालावी, हा तोडगा बहुतेकांना पटतो. अपवाद तेव्हाच करावा जेव्हा तज्ज्ञाच्या अंदाजपत्रकावरून पक्का रस्ता पुढच्या काही वर्षांत खडीपेक्षा स्वस्त पडणार हे दिसत असेल.

मागणी कशी मांडावी

हिशेब तयार झाला की तो घेऊन थेट बैठकीत जाऊ नये. ज्याचा वाटा नव्या मापाने सर्वांत जास्त वाढणार आहे, त्याच्याकडे आधी एकटे जावे, कागद त्याच्यासमोर ठेवावा आणि त्याला चुका काढू द्याव्यात. माझ्या कागदात पाचव्या घराच्या काकांनी दोन चुका काढल्या, त्यातली एक माझ्या फायद्याची होती. ज्याने हिशेब दुरुस्त केला तो माणूस पुढे त्याला उघड विरोध सहसा करत नाही.

त्यानंतर सर्वांना एकाच मजकुराचे पत्र द्यावे. त्याचा नमुना असा असू शकतो: "आपल्या रस्त्याच्या देखभालीचा खर्च सध्या घरटी समान वाटला जातो. सोबत रस्त्याची मोजणी, मागील तीन वर्षांच्या खर्चाची विभागणी आणि त्यावरून निघणारे प्रस्तावित वाटे जोडले आहेत. प्रस्तावाने माझा स्वतःचा वाटा किती बदलतो तेही त्यात दाखवले आहे. यावर चर्चा करण्यासाठी बैठक बोलवावी, ही विनंती. निर्णय होईपर्यंत मी सध्याची वर्गणी, माझे म्हणणे राखून ठेवून, भरत राहीन." शेवटचे वाक्य गाळू नये. वाद चालू असताना वर्गणी बंद करणारा माणूस मापाचा तक्रारदार राहत नाही, तो थकबाकीदार होतो, आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेलेच तर तेही त्याच्या विरोधात वाचले जाऊ शकते.

बैठकीत मागच्या वर्षांची वसुली मागू नये, असे माझे ठाम मत आहे. हिशेबाने ती कितीही न्याय्य दिसली, तरी सर्वांनी मूकपणे स्वीकारलेल्या रीतीबद्दल आज पैसे परत मागितले की चर्चा तिथेच संपते. उलट, ज्यांचा वाटा वाढतो त्यांच्यासाठी तो तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवावा: पहिल्या वर्षी फरकाचा एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी पूर्ण. एखाद्याला खरोखरच पैसे देणे जड असेल, तर हप्ते किंवा गटार उपसण्यासारखे काम आधी ठरलेल्या दराने वाट्यातून वळते करण्याची सोय ठेवावी. पण "मी नेहमी झाडलोट करतो" अशा तोंडी सवलतींना हिशेबात जागा देऊ नये, कारण त्या वाढतच जातात.

एकमत झाले नाही तर दोन्ही बाजूंना मान्य असलेला मध्यस्थ घ्यावा, शक्यतो रस्तेकामाची माहिती असलेला अभियंता, आणि त्याची फी सर्वांनी समान वाटून द्यावी. दिवाणी दावा हा शेवटचा मार्ग आहे. तो जिंकला तरी त्याच रस्त्यावरून त्याच माणसांसमोरून रोज जायचे असते, आणि लहान रस्त्यावर दाव्याचा खर्च कित्येक वर्षांच्या वर्गणीहून जास्त होऊ शकतो.

करारात काय लिहावे

जे ठरले ते लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन, स्थानिक कायद्यानुसार नोंदवता येत असेल तर नोंदवून ठेवावे. त्यात रस्त्याचा नकाशा आणि मीटर, खर्चाचे ढीग, प्रत्येक ढिगाचे माप आणि त्यावरून आलेले वाटे यांचा तक्ता असावा. नुसते अंतिम टक्के लिहिले तर सहावे घर आले की पुन्हा भांडण सुरू होते, पण माप लिहिले असेल तर नवे टक्के कोणीही काढू शकतो. ठरावीक रकमेपर्यंतची तातडीची दुरुस्ती एकट्या खजिनदाराला करता यावी, त्यावरच्या कामाला दोन दरपत्रके आणि बहुमत लागावे, आणि सुधारणेला त्याहून मोठे बहुमत लागावे. पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात न ठेवता दोन सह्यांच्या सामाईक खात्यात ठेवावेत. पुन्हा खडीचा पूर्ण थर टाकण्याचा अपेक्षित खर्च, तो थर टिकण्याची अपेक्षित वर्षे यांनी भागून, तितकी रक्कम दर वर्षी राखीव निधीत घालावी, म्हणजे एखाद्या वर्षी अचानक मोठे बिल येऊन सर्वांची धांदल होत नाही.

थकबाकीचे कलम शांतपणे, कोणी थकबाकीदार नसतानाच लिहून घ्यावे: मुदत, स्मरणपत्र, त्यानंतर माफक व्याज, त्यानंतर मध्यस्थ, आणि मगच न्यायालय. कोणाचाही रस्ता अडवणे, फाटकाला कुलूप घालणे किंवा रस्त्यात दगड टाकणे हे उपाय कितीही मोह झाला तरी करू नयेत. वहिवाटीचा हक्क असलेल्याला अडवले की दोष पैसे न देणाऱ्याकडून अडवणाऱ्याकडे सरकतो, आणि त्याच रस्त्याने कधीतरी रुग्णवाहिका यायची असते.

घर विकले गेले की करार नव्या मालकाला आपोआप बांधील असतो असे समजू नये. काही ठिकाणच्या कायद्यात खर्च करण्याची बांधिलकी जमिनीबरोबर पुढे जात नाही. म्हणून विकणाऱ्याने खरेदीखतातच या कराराचा उल्लेख करावा, खरेदीदाराची सही करारावर घ्यावी आणि तोपर्यंतची थकबाकी चुकती करून खजिनदाराचे तसे पत्र घ्यावे, असे कलम घालावे. आमच्या करारात एवढे एकच कलम सुरुवातीला राहून गेले होते, आणि दुसरे घर विकले गेले तेव्हा नव्या मालकांना सारा हिशेब पहिल्यापासून, मोजपट्टी घेऊन, रस्त्यावर चालत समजावून सांगावा लागला. त्यांनी त्या दिवशी तिसऱ्या फाटकाच्या मोजणीत दीड मीटरची चूक काढली. ती आम्ही तक्त्यात दुरुस्त केली.